टाकीवरचा पंजा

पेटीत चारच वस्तू होत्या. मोटरसायकलची टाकी, वाळूचा फवारा मारायची बंदूक, एक दिवा आणि तळाची वाळू.

पाचवं काहीच नव्हतं. मी दोनदा पाहिलं होतं.

घडलं तसंच लिहितेय, पटो न पटो. आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार, आमच्या घरामागची शेड.

गाडी मामाची. तो गेल्यावर आमच्याकडे आली. मला ती चालवायची होती, आईला ती दारातसुद्धा नको होती.

"सख्ख्या बहिणीला कधी मागे बसू दिलं नाही त्यानं. तुला चालवू देतोय होय!"

"आता काय करणार आहे तो?"

"संध्याकाळी भंगारवाला येतोय. तोवर टाकी रंगवून दाखव. नाहीतर गाडी त्याची."

जुनं लोखंडी कपाट आडवं पाडून मी पेटी केली होती. वर काच. पुढे दोन भोकं, त्यांना आत लोंबणारे लांब रबरी हातमोजे. बाहेरून मोज्यांत हात घालायचे आणि फवारा मारायचा. उघडा हात आत जाऊच शकत नाही. कोऱ्या पत्र्याला घामाचा हात लागला की दिवसाभरात तिथेच गंज धरतो, म्हणून एवढी काळजी.

जुना रंग उडाला. टाकी राखाडी, कोरी झाली. मी हात काढले, फवाऱ्याला हवा देणारा कॉम्प्रेसर बंद केला.

शांतता...

मग आत वाळू सरकली. खर्र...

टाकीवर पंजा उमटला होता. तांबूस. पाचही बोटं स्पष्ट.

मोजे तपासले. कुठेही फाटलेले नव्हते. मडगार्डच्या कोऱ्या पत्र्यावर स्वतःचा घामट तळवा दाबून पाहिला. तासाभरानंही डाग नाही.

पंजा फवाऱ्यानं उडवला. थांबले.

खर्र...

तिथेच. पुन्हा.

माझं डोकं सणकलं.

"मामा, बास झालं! जिवंतपणी तुझी दादागिरी ऐकून घेतली. आता गाडी माझी आहे. हात काढ!"

"कुणाशी भांडतेयस गं?" घरातून आईचा आवाज.

"गंजाशी!"

मी डाव्या मोज्यात हात घातला. आतून तो गरम होता...

आत बोटं होती.

त्यांनी माझी बोटं आवळली. ओरडावंसं वाटलं, पण आई आली असती आणि गाडी गेली असती. मीही आवळली. उजव्या हातानं बंदूक धरून पंजावर फवारा सोडला. बराच वेळ.

डावा मोजा हळूहळू रिकामा झाला.

टाकी बाहेर काढली, लगेच प्रायमर मारला, वर लाल रंग. आईनं टाकीभोवती फेरी मारली. "हट्टी मेली, मामावर गेलीस," म्हणाली आणि भंगारवाल्याला परत पाठवलं.

गाडी मी रोज चालवते. टाकीवर उघडा हात मात्र ठेवत नाही.

परवा कॉलेजच्या लॅबमधून रंगाचा थर मोजायचं यंत्र आणलं. रंग सगळीकडे सारखाच दिसतो, लाल, गुळगुळीत.

डावी बाजू, एकशे वीस मायक्रॉन. उजवी, एकशे अठरा. पंजाच्या जागी, शून्य.