आधी विमा, मग खरेदीखत

अनंत चतुर्दशीच्या सकाळी, गल्लीत ढोल वाजत असताना, वेदांत मोकाशीने अजून न घेतलेल्या घराचा विमा भरला. घर रेणुका कॉलनीतलं, छायाताई शेट्यांचं होतं. त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून त्याने फोनवर अंगठा टेकवला. छायाताईंनी विसर्जनाची वाटली डाळ बश्यांमध्ये वाढली आणि आतल्या खोलीत, पक्षाघाताने खाटेला खिळलेल्या नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "झालं हो! हप्ता भरला त्यांनी."

विम्याशिवाय बँक कर्ज देत नाही, हे सगळीकडचंच. हरणगावात मात्र या नियमाला आणखी एक पदर होता. विमा एजंट निकम तो ऋजुताला, म्हणजे वेदांतच्या बायकोला, मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होता.

"नुसती भरपाई नाही मॅडम. आजपासून तुमचं घर वाटाड्याला दिसायला लागलं."

वाटाड्या म्हणजे गावाच्या वरच्या बंधाऱ्यावरचं यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव पूरविभाजक होतं, पण ते कोण उच्चारणार! पूर आला की जादाचं पाणी कुठल्या तरी एका बाजूला सोडावंच लागायचं, डावीकडे रेणुका कॉलनीवर किंवा उजवीकडे पाणमळ्यावर. पूर्वी हा निर्णय माणसं घ्यायची. मग पुढाऱ्यांचे फोन यायचे, बंधाऱ्याच्या दारावरच्या शिपायाला मार पडायचा. वाटाड्या आल्यापासून ते सगळं थांबलं. पाऊस आणि नदी वाचून, जिकडे नुकसान कमी तिकडचं दार तो स्वतःच उघडायचा. नुकसान तो विम्याच्या रकमेवरून मोजायचा, आणि यात गैर काय, असंच गावाला वाटायचं.

"ज्यांचा विमा नाही त्यांचं काय?" ऋजुताने विचारलं.

"ते त्याच्या हिशेबात शून्य," निकम डाळ खात म्हणाला.

छायाताई हसल्या. "मग आम्ही कधीचे शून्यच की ओ! दरवर्षी हप्ता वाढवला तुम्ही. परवडेना म्हणून तर घर विकायची पाळी आली."

निकमने मान खाली घातली आणि आणखी थोडी डाळ मागितली.

त्याच संध्याकाळी छायाताई सामान आणि नवऱ्याला घेऊन पाणमळ्यातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहायला गेल्या. पितृपक्षात नव्या जागेत पाऊल कसं टाकायचं? मोकाशांनीही त्याच कारणाने खरेदीखत घटस्थापनेवर ढकललं. आयुष्यातलं पहिलं घर, त्याला गालबोट नको. दोन्ही घरांचं इतकं चटकन जमलं की एकमेकांच्या समजूतदारपणाचं त्यांना कौतुकच वाटलं. विमा तेवढा आधी उरकला होता. "पैसे भरायला कसला आलाय पितृपक्ष?" असं वेदांत म्हणाला होता. त्यामुळे ते घर आता पंधरवडाभर रिकामं राहणार होतं, आणि आत माणसं असताना कधीच नव्हतं तेवढं वाटाड्याच्या लेखी मोलाचं ठरणार होतं.

पंधरवडा निम्मा सरतो न सरतो तोच परतीच्या पावसाने गाठलं. दुपारी भोंगा वाजला. मोकाशी राहत होते ती भाड्याची जागा चौथ्या मजल्यावर होती, त्यांना कसलीच भीती नव्हती. ऋजुताने सहज फोनवर वाटाड्याचं पान उघडलं. ते सगळ्यांसाठी खुलं असायचं, कारभार पारदर्शक आहे असं सरकार अभिमानाने सांगायचं. पडद्यावर नुकसानीच्या दोन पट्ट्या होत्या, कॉलनीची आणि पाणमळ्याची. कॉलनीची पट्टी दुसरीपेक्षा जराशीच उंच होती. त्यात एका हिरव्या ठिपक्यावर त्यांचं घर दिसत होतं. तिने ठिपक्यावर बोट ठेवलं आणि त्या घराच्या विम्याची रक्कम पाहिली. दोन पट्ट्यांमधला फरक त्याहून कमी होता.

"वेदांत, हे बघ. आपला विमा नसता तर दार कॉलनीकडे उघडलं असतं. आता पाणमळ्याकडे उघडणार."

ठिपक्याखाली एक ओळ होती, 'खरेदीखत होईपर्यंत विमा मागे घेता येईल.' शेजारी बटण होतं.

तिने छायाताईंना फोन लावला. पलीकडे पावसाचा आणि माणसांचा गलबला ऐकू येत होता.

"काकू, निघालात का?"

"अगं, कशी निघू? यांना उचलायला चार माणसं लागतात. बोट पाठवतो म्हणालेत. अजून उंबऱ्याला नाही लागलं पाणी. तुमचं घर कोरडं आहे न्हवं? माझी तुळस तिथंच राहिली बघ अंगणात."

"काकू..."

"बोल की."

"काही नाही. जपून राहा."

तिने फोन ठेवला. "मागे घेते मी," ती म्हणाली.

वेदांतने तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. "कर्ज जाईल ऋजू. एकदा मागे घेतलेल्या घराला पुन्हा कुणी विमा देत नाही. आणि कॉलनीत पाणी सोडलं, तर तिथंही असंच कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही कशावरून?"

हे शेवटचं खरं होतं, आणि म्हणूनच फार सोयीचं होतं. कॉलनीतल्या त्या कुणाला ती ओळखत नव्हती. खाटेवरून तिच्याकडे पाहून डाव्या गालाने हसणाऱ्या शेटेकाकांना मात्र ती ओळखत होती. तिचा अंगठा बटणावर थांबला. बोट येईलच, ती मनाशी म्हणाली. घर, बँक, कॉलनी, सगळं एकदम डोक्यात फिरत राहिलं. मग पाणमळ्याची पट्टी लाल झाली, दार उघडलं, आणि आता तिला काहीच ठरवायची गरज उरली नाही. क्षणभर तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला पुढे जन्मभर पुरणार होती.

बोट आली. आधी छायाताईंना काढलं. काकांसाठी परत फिरेपर्यंत पाणी खाटेच्या वर गेलं होतं.

घटस्थापना सुतकात गेली. तेरावं झाल्यावर दसऱ्याचा दिवस ठरला. नोंदणी कार्यालयाला आता सणावाराची सुट्टी नसायची, कारण तिथे माणूसच नव्हता. एक पडदा होता आणि एक आवाज. छायाताई पांढऱ्या सुती साडीत एकट्याच आल्या. घर त्यांच्याच नावावर होतं, त्यामुळे काही अडलं नाही. आवाजाने विचारलं, "आपण राजीखुशीने विकत आहात का?" त्या "हो" म्हणाल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी किल्ली काढली आणि ऋजुताच्या हातात दिली.

"तुळस जगलीय म्हणे," त्या म्हणाल्या. "अंगणात थेंब नाही आला पाण्याचा. बरं झालं. एवढं तरी वाचलं."

"काकू, मी..."

"बोटीवरच्या पोराने दाखवलं मला फोनवर. एवढासा फरक होता म्हणाला, एखाद्या घराइतका." त्यांनी ऋजुताकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच ऋजुताला सोसवेना. "त्या दिवशी तू 'काकू' म्हणालीस आणि थांबलीस. मला काही सांगायचं होतं का गं तुला?"

पडद्यावर ऋजुताचं नाव उमटलं.

"खरेदीदार," आवाज म्हणाला, "या व्यवहाराला आपली संमती आहे का?"

छायाताई अजून उत्तराची वाट पाहत होत्या. आवाजाने तोच प्रश्न पुन्हा विचारला.