विनोदी सिनेमातली शवपेटी

युनिटसाठी मटणाच्या पाई आणणं हे काही दिग्दर्शिकेचं काम नव्हे. पण त्या सकाळी गाडी मेरेआनाच्या ताब्यात होती आणि किनाऱ्यावरची एकुलती एक बेकरी वाटेवरच होती. बाहेर जुलैचं धुकं समुद्रावरून सरकत रस्त्यावर आलं होतं. ती काउंटरपाशी उभी राहून गरम पाई मोजून घेत असतानाच ऑकलंडहून डंकनचा फोन आला. सिनेमात पैसे त्याच्या कंपनीचे होते, त्यामुळे फोन उचलणं भाग होतं.

"मेरेआना, एकच सांग. तुझा सिनेमा नेमका आहे काय?"

"काल सांगितलं. परवाही सांगितलं. भयपट आहे."

"नुसतं भय कोण घेतं गं आजकाल? भय आणि काय?"

"आणि काय म्हणजे?"

"म्हणजे भय-विनोदी, भय-प्रेमकथा, भय-कौटुंबिक. लोकांना कळायला हवं ना, किती घाबरायचंय ते."

काचेच्या कपाटात पाईंच्या प्रत्येक ओळीवर चिठ्ठी होती. मटण. मटण-चीज. मटण-मिरी. आत खिमा एकच. मेरेआनाला वाटलं, डंकनला इथेच नोकरीला लावावं, जन्माचं कल्याण होईल.

वीस वर्षं तिने टीव्हीच्या बातम्यांत काढली होती. पूर आला की "पूर" म्हणायचं आणि मंत्री खोटं बोलला की "खोटं" म्हणायचं, एवढीच तिची विद्या. आणि आता पन्नाशी उलटल्यावर स्वतःचा पहिला सिनेमा करायला घेतला, तर एका शब्दासाठी तिला रोज भांडावं लागत होतं. गोष्ट साधी होती. म्हातारा मरतो. घरचे जमिनीवरून भांडत बसतात आणि त्याच्या पेटीजवळ बसायला कुणीच उरत नाही. मग म्हातारा उठतो. या किनाऱ्यावरच्या कुठल्याही माओरी माणसाला एवढं ऐकूनच अंगावर काटा येईल. इथे माणूस गेला की मातीत जाईपर्यंत त्याला क्षणभर एकटं सोडत नाहीत. बायका डोक्याला हिरव्या पानांचं कडं बांधून उशापायथ्याशी बसतात, त्याच्याशी बोलतात, रडतात, त्याला टोमणेही मारतात. यात विनोदी काय होतं ते डंकनलाच ठाऊक.

"हे बघ," डंकन म्हणाला, "आजची दृश्यं संध्याकाळी पाठव. झलक कापून सेन्सॉरच्या, त्या लेबलवाल्या कचेरीत द्यायचीय. विनोदी म्हटलं तर सौम्य शिक्का मिळतो, शाळकरी पोरंही येतात. शिवाय खर्चातली दोन माणसं उडतात. तो प्रार्थना करणारा म्हातारा आणि पेटीजवळ बसायला ठेवलेली बाई."

"ती माणसं खर्च नाहीत. रीत आहे ती."

"भयपटाला रीत, कबूल. सगळी युनिटं करतात. पण विनोदी सिनेमात, रिकाम्या नाटकी पेटीला, प्रार्थना कशाला?"

हा वाद आठवडाभर चालला होता. पाई निवत होत्या. मागे रांग खोळंबली होती. मेरेआना ओरडली, "लिही बाबा, विनोदी लिही! उडव काय उडवायचं ते! आणि मला काम करू दे!"

रांगेतला एक कोळी हसला. ती हसली नाही.

*

चित्रीकरण रेवी मामाच्या जुन्या शेडमध्ये होतं. तिथे पूर्वी मेंढ्यांची लोकर कातरत. फळ्यांत मुरलेला लोकरीचा तेलकट वास अजून जात नव्हता. फटींतून आलेल्या उजेडाच्या पट्ट्या जमिनीवर अंथरलेल्या चटयांवर पडत होत्या, आणि मधोमध पेटी. पेटीत प्रेताच्या भूमिकेत खुद्द रेवी मामा. मेरेआनाच्या आईचा हा शेवटचा उरलेला भाऊ. तिच्या रक्ताचं म्हणावं असं त्याच्याशिवाय कुणी राहिलं नव्हतं.

"मामा, श्वास दिसतोय. पोट हलतंय."

"पोरी, सत्तर वर्षं हलतंय ते. आज तुझ्यासाठी थांबवू?"

"थोडं थांबव."

"मग डबल पैसे लागतील."

कॅमेरावाला पॅडी हसून हसून वाकला. दुपार होईपर्यंत दोन-तीन दृश्यं झाली, आणि मामा पेटीतच घोरू लागला. जेवणाची सुट्टी झाली. पाईंची खोकी बाहेर गवतावर मांडली गेली, कारण पेटीजवळ अन्न न्यायचं नाही हे युनिटमधल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत होतं. तेवढी रीत त्यांनी पाळली.

"मामांना उठवू का?" पॅडीने विचारलं.

"झोपू दे. त्याची पाई बाजूला काढून ठेव."

आणि सगळे बाहेर गेले. सगळे. पेटीजवळ बसायला जी बाई येणार होती, तिला सकाळीच 'येऊ नको' असा निरोप गेला होता.

मेरेआना शेवटचा घास तोंडात टाकून परतली तेव्हा दारातच थबकली. लोकरीच्या वासावर दुसरा एक वास चढला होता. नुकत्याच चुरगळलेल्या पानांचा, तिखट, मिऱ्यासारखा. हा वास तिने आईच्या वेळी घेतला होता. आजीच्या वेळीही.

शेडमध्ये पेटी होती, मामा होता, चटया होत्या. दुसरं काही नव्हतं.

"पॅडी, पुढचं दृश्य घे," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला.

पॅडीने कॅमेरा सुरू केला. मेरेआना छोट्या पडद्याकडे बघत होती. पेटीची कड दिसली, मामाचं कपाळ दिसलं, आणि पेटीच्या दोन्ही अंगांना काळे घागरे. घागऱ्यांवर विसावलेले सुरकुतलेले हात. पडद्याच्या वरच्या कडेला हिरव्या पानांची टोकं.

तिने मान वर केली. चटया रिकाम्या होत्या.

पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्यातला एक हात सावकाश उचलला गेला आणि मामाच्या कपाळावरचे केस नीट करून परत मांडीवर आला.

"पॅडी... तुला..."

"दिसतंय," पॅडी म्हणाला.

"मामा, ऊठ. झालं आजचं."

मामाने डोळे उघडले नाहीत. ओठ मात्र हलले. "हळू बोल. पाहुण्या आल्यात."

"कोण पाहुण्या?"

"ओळखीच्या वाटतात. नीट दिसत नाही गं, डोळे मिटलेत ना. कुठून कुठून चालत आल्यात बिचाऱ्या. रडतायत माझ्यासाठी. आता मी उठून बसलो तर किती वाईट दिसेल?"

"मामा, थट्टा पुरे!"

"थट्टा नाही, पोरी. त्यांचा अपमान होईल."

तिने त्याचा हात धरून ओढला. हात थंडगार होता. शेडच गार आहे, म्हणून तिने स्वतःची समजूत घातली. मामाने हात अलगद सोडवून घेतला आणि पुन्हा छातीवर ठेवला. त्या दिवशी तो उठला नाही. तिने त्याच्या अंगावर घोंगडी घातली आणि उजाडेपर्यंत स्वतः त्याच्या उशाशी बसून राहिली. बसताना ती भिंतीकडे सरकून बसली. मधल्या चटयांवर बसायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी पॅडीने दृश्यं ऑकलंडला पाठवली होती. सकाळी डंकनच्या आवाजातून आनंद ओसंडत होता.

"त्या म्हाताऱ्या कुठून आणल्यास? कमाल! आता तर भय परत आलं. भय-विनोदी-गूढ म्हणू या का? की भावनिक-भय?"

"डंकन, माझा मामा पेटीतून उठत नाहीये."

"वा! झलकेत शेवटी हेच वाक्य टाकतो."

तिने फोन बंद करून गवतात फेकला. मग पुन्हा उचलला, कारण हाकाराया आबांना फोन करायचा होता. ज्यांना सिनेमा विनोदी ठरल्यामुळे प्रार्थनेला नको म्हटलं होतं, तेच ते.

*

आबा काठी टेकत आले. दारात त्यांनी टोपी काढली, रिकाम्या चटयांना उद्देशून बराच वेळ जुन्या माओरीत बोलले, आणि मधे मधे थांबले, समोरच्याचं ऐकून घ्यावं तसे.

"काय म्हणतात?" मेरेआनाने कुजबुजत विचारलं.

"म्हणतात, एक मेलेला एकटा पडलेला दिसला. लाज वाटली, म्हणून आलो."

"पण तो मेलेला नाही, आबा! सिनेमा आहे हा!"

"कसला सिनेमा?"

आठवडाभर डंकनही हेच विचारत होता.

"पेटी मांडली, माणूस झोपवला, तोंडाला पांढरं फासलं," आबा म्हणाले, "आणि ऐन वेळी म्हणता खोटं खोटं. त्या काय पाटी वाचून येतात? आता सुरू झालंय ते पुरं करायला हवं. पेटी मातीत गेली पाहिजे. मग हात धुवायचे, मग जेवण. त्याशिवाय या उठायच्या नाहीत."

"आणि मामा?"

आबा पेटीवर वाकले. "रेवी, ही शेड कुणाची?"

"माझी," पेटीतून क्षीण आवाज आला.

"मग यजमान कोण?"

आबांनी पेटीच्या कडेवर काठी हलकेच आपटली.

"चालत आलेल्या बायकांना उपाशी पाठवणार? तुझी आई असती तर काठीने बडवलं असतं तुला. ऊठ. डुक्कर कापायचंय, रताळी सोलायचीत. मेलेला म्हणून पडायचा हक्क तुझा असेल, पण चूलही तुझीच आहे."

मामाने मोठा सुस्कारा टाकला, आणि कुणाची तरी माफी मागत असल्यासारखा, दोन्ही बाजूंना मान लववत उठून बसला. मेरेआनाने त्याला मिठी मारली आणि मोठमोठ्याने रडली.

दुपारी टेकडीवर रिकामी पेटी पुरली. पॅडीने कॅमेरा गाडीतच ठेवला, कुणी सांगावं लागलं नाही. आबांनी प्रार्थना म्हटली. सगळ्यांनी हात धुतले, डोक्यावर पाणी शिंपडलं. परतताना मेरेआनाने शेडमध्ये डोकावून पाहिलं. पानांचा वास गेला होता. पुन्हा तोच जुना, कळकट लोकरीचा वास. तिला तो वास इतका आवडेल असं कधी वाटलं नव्हतं.

मामाच्या घरच्या लांब टेबलाशी सगळे दाटीवाटीने बसले. मामा समोरच होता. डुकराचं मांस, रताळी, गरम पाव, कशालाच नाही म्हणत नव्हता.

"पॅडी, माझी ती पाई कुठेय रे?"

"मी खाल्ली, मामा. तुम्ही मेला होतात."

हसण्याचा एकच लोट उठला. त्या हसण्यातच मेरेआनाचा फोन वाजला. तिने तो कानाशी घट्ट धरला.

"मेरेआना," डंकन म्हणाला. आता आवाजात सकाळचा आनंद नव्हता. "झलकेवर शिक्का आलाय."

"कसला? भय? विनोदी? काहीही असू दे, चिकटव."

"दोन्ही नाही. त्यांनी... माहितीपट म्हटलंय. खाली इशारा टाकलाय, प्रत्यक्ष मृतदेहाचं चित्रण."

"मूर्ख आहेत ते. बाजूला बायका दिसल्या म्हणून..."

"कुठल्या बायका? तेच तर. माझ्याकडच्या प्रतीतून त्या गेल्यात. पेटी आहे आणि तुझा मामा. त्यांच्या डॉक्टरने सगळी दृश्यं पाहिली. जेवणाच्या सुट्टीआधीच्यात जिवंत माणूस नाटक करतोय म्हणाला. नंतरच्यात... मी भांडलो गं त्यांच्याशी. ते ऐकत नाहीत. म्हणतात, असं प्रेत दाखवायचं तर जवळच्या नातेवाइकांची परवानगी हवी. त्यांनी विचारलंय, घरच्यांची हरकत आहे का?"

टेबलाभोवती गलका चालला होता. कुणी लोणी मागत होतं, कुणी चहा ओतत होतं. समोर मामाने पावाच्या तुकड्याने ताटली पुसली, तुकडा तोंडात टाकला आणि तिच्याकडे पाहिलं.

"सांग त्याला," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "घरच्यांची हरकत नाही."

आणि बाकावर तो जरासा सरकून बसला, शेजारी कुणाला तरी जागा करून द्यावी तसा.