शंभूची धाप

पौषातलं मळभ आलं होतं. बारामतीच्या एका बालरुग्णालयात शंभूला कुशीत घेऊन सुकन्या वाफेच्या यंत्राची वाट बघत होती. दर श्वासाला लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. बहीण मनिषा बाळंतपणात गेली, तेव्हापासून शंभू तिच्याच अंगाखांद्यावर वाढत होता.

"तुमचं घ्या आधी. माझ्या भाचीला आता उतार हाय," शेजारच्या खाटेवरून एका तरुणानं यंत्र पुढं सरकवलं. तो रणजित. माळेगावचा, पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होता, सुट्टीत गावी आलेला.

"एवढ्याशा विषाणूनं एवढी धाप?" तिनं विचारलं.

"नुसत्या विषाणूनं न्हाय. श्वासनळीतली जी पेशी विषाणूच्या तावडीत सापडते, ती शेजारणींना सांगावा धाडते... इंटरफेरॉन म्हणतात त्याला. शेजारणी सावध होतात. रक्तातल्या लढणाऱ्या पेशीही धावून येतात. पण त्या झटापटीत सूज येते, कफ साठतो, आन् बाळाची नळी केवढीशी!"

"आणि सांगावा धाडणारी?"

"ती... बऱ्याचदा मरते."

सुकन्यानं मान खाली घातली. तिला मनिषाच आठवली. रणजित गडबडला. तिनंच मग विचारलं, "सगळ्यांशी असं पेशींवरच बोलता?"

"न्हाय. बाकीच्यांशी उसावर बोलतो."

ती हसली... किती महिन्यांनी!

भाचीला घरी सोडलं, तरी तो रोज दुपारी येत राहिला.

"आता कशाला येता?"

"शंभूची धाप बघाय."

"धाप खाटेवर हाय. तुमी माझ्याकडं बघताय—"

दोघंही लाजले.

मग एका सकाळी शंभू वाटीभर दूध प्यायला. सुकन्याला आनंद झाला, आणि तिची नजर दाराकडं गेली. आता घरी जायचं!

"घरच्यांना पाठवू का तुमच्याकडं?" रणजितनं हळूच विचारलं. "शंभूसकट..."

"दाजींशी ठरलंय माझं. माघात."

"तुमच्या मनात हाय?"

"दाजी वाईट न्हाईत. पण पोरगं त्यांचं हाय. मी दुसरीकडं गेले, तर हा मला मिळायचा न्हाय." तिनं शंभूचं टोपरं सारखं केलं. "तुमी... आता येऊ नका."

रणजित गेला. वळून बघेल म्हणून ती जिन्याकडं बघत राहिली. त्यानं बघितलं नाही.

दुपारी दादासो दाजी न्यायला आले. इंदापूरच्या एसटीत त्यांनी शंभूला वारा लागू नये म्हणून खिडकीची काच ओढली. तेव्हा त्यांना तिचे डोळे दिसले.

"रडतीस व्हय? अगं, पोरगं बरं झालं की!"

"व्हय," सुकन्या म्हणाली. "बरं झालं."