सातशे सत्याहत्तर फेऱ्यांचा मैल

ऐक ना, रुचिता! मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक!

समिधा माहितेय ना, शांती नगरातली? मैल धावते ती. गेल्या मे महिन्यात सहा मिनिटं पन्नास सेकंदांत धावली होती. या सुट्टीत रोज पहाटे चेण्याच्या रस्त्यावर सराव, पोटऱ्यांना तेल, आइस्क्रीम एकदम बंद! आणि परवा वेळ किती आली? सात मिनिटं दहा सेकंद!

"सात दहा!" आम्हाला धावणं शिकवणारे महिपत सर घड्याळ तिच्या नाकासमोर नाचवत ओरडले. "मोबाईल बघत जागायचं, मग पाय कसे उचलणार? उद्या नऊ वाजता जिल्हा शिबिराची नावं पाठवतोय. सहा चाळीसच्या आत नाही, तर नाव नाही!"

समिधा रस्त्याच्या कडेलाच बसली. रडलीसुद्धा नाही, इतकी दमली होती. "सोडते मी," एवढंच म्हणाली. "पायात काही उरलंच नाहीये."

तेवढ्यात रुबेन, तो उत्तनचा, म्हणाला, "ए, थांब! मीपण गेल्या वर्षीपेक्षा स्लो झालोय. अथर्वपण. सगळेच एका सुट्टीत म्हातारे झालो काय?"

"ऊन आहे रे," मी म्हटलं.

"मग गेल्या मेमध्ये काय बर्फ पडत होता?"

आणि लक्षात आलं! गेल्या वर्षी आम्ही शांती नगरातच धावायचो. तो रस्ता खोदलाय, म्हणून सरांनी यंदा चेण्याला नवा मैल आखलाय!

रुबेनने त्याच्या वॉल्टर आजोबांच्या होडीवरची दोरी आणली. माझ्या शैला मावशीच्या शिवणाच्या टेपने मोजून पन्नास मीटरवर गाठ मारली. काल उजाडताच रुबेन पुढे, मी मागे, समिधा खडू घेऊन. बत्तीस दोऱ्या आणि वर नऊ मीटर म्हणजे मैल. वाक, दोरी ताण, खूण कर, ऊठ, परत वाक! कंबर गेली अगं आमची!

एक दूधवाला थांबला. "क्या बच्चा लोग, रोड लंबा कर रहे हो?"

"नहीं चाचा, छोटा!" रुबेन म्हणाला.

आमचा मैल चिंचेच्या झाडाशी संपला. आणि सरांची पांढरी रेघ? पार पुढे! आणखी साडेतीन दोऱ्या!

सात वाजता सर आले, उंच सायकलवरून.

"अशक्य! मी स्वतः मोजलाय. चाकाला लाल रिबन बांधून सातशे सत्याहत्तर फेऱ्या. दर वर्षी तेवढ्याच!"

"याच सायकलने, सर?" समिधाने विचारलं.

"न्हाय, न्हाय!" रुबेन ओरडला. "सरांची जुनी माझ्या सायकलीएवढी होती!" त्याने आपली सायकल शेजारी लावली. सरांचं चाक तिच्या चाकापेक्षा चांगलं वीतभर नाही, पण चार बोटं तरी उंच होतं!

"ही भाच्याची," सर हळूच म्हणाले. "जुनी मी मार्चमध्ये देऊन टाकली." मग दगडावर बसलेच ते. "चाक मोठं, फेरी लांब... पोरांनो, मी तुम्हाला उगाच बोललो. शाबास रे! पुढचा मैल तुम्हीच मोजायचा." त्यांनी वहीत गणित केलं. "समिधा, तुझी वेळ सहा सत्तावीस होते. नाव लिहितो."

झालं ना काम? पण समिधा म्हणते कशी, "नको सर. धावते, मग लिहा."

"आत्ता? पहाटेपासून वाकतेयस तू!"

"नऊ वाजायचेत अजून."

सुरुवात बरी झाली. मग खांदे पडले, तोंड उघडं, पाय फरफटायला लागले. आम्ही बाजूने ओरडत पळतोय, "चिंच! चिंच बघ!" ती चिंचेखाली पोचली आणि सरळ आडवीच झाली.

"सहा अडतीस!" सरांचा आवाज फाटला.

समिधाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. नुसतं म्हणाली, "आता लिहा."

सांग ना रुचिता, न धावताच नाव लिहायला सर पेन काढून तयार, तू पहाटेपासून वाकून दमलेली. तू काय केलं असतंस?