खिळ्यावरची किल्ली

इंजिनाखालून दोन पाय बाहेर आले होते, आणि ते पाय तिच्या ओळखीचे नव्हते.

शेडमधल्या सगळ्यांचे पाय ती ओळखायची. मामाचे तेल प्यायलेले बूट, शिंपीकाकांच्या टाचा झिजलेल्या चपला... हे बूट मात्र चकचकीत पॉलिश केलेले. वाफेच्या इंजिनाखाली पॉलिश केलेले बूट घालून कोण शिरतं? ज्याचं तिथे काही काम नसतं, तो.

"कोण आहे? आधी बाहेर या."

"एक मिनिट हं... इथे फार सुंदर काहीतरी आहे," आतून आवाज आला.

"सुंदर नंतर बघू. बिल्ला कुठाय?"

"कसला बिल्ला?"

तिने कपाळाला हात लावला. या शेडमध्ये एक जुनं वाफेचं इंजिन होतं, त्याला लागून प्रवाशांचे डबे होते, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरचं काम टाकून त्यांची डागडुजी करायला येणारी हौशी मंडळी होती. पगार कुणालाच नव्हता, नियम मात्र होता. ज्याने त्याने आपला पितळी बिल्ला बाळगायचा. इंजिनाखाली शिरायचं तर तो वर ड्रायव्हरच्या दांड्याला टांगायचा. बिल्ला लटकतोय तोवर इंजिनाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. भांडारातही तेच. फळीवरची वस्तू न्यायची तर खालच्या खिळ्यावर बिल्ला अडकवायचा, आणि वस्तू परत आली की काढून घ्यायचा. नव्या माणसाला मात्र सगळ्यांनी मान डोलावल्याशिवाय बिल्ला नाही.

भांडाराच्या किल्ल्या तिच्याकडे असत. एरवी ती बँकेत लॉकरच्या खोलीत बसायची. तिथे माणसांवर विश्वास ठेवण्याचा पगार मिळत नाही, न ठेवण्याचा मिळतो. शेडमधली मंडळी तिला पाठीमागे 'कडीकुलूप' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही.

पाय सरकत बाहेर आले. मागोमाग पोट, हात, आणि शेवटी नाकावर काजळीचा ठिपका असलेला एक हसरा चेहरा.

"मी बँडची वाद्यं दुरुस्त करतो," तो उठून बसत म्हणाला. "ट्रम्पेट, कर्णे... पितळेचं काम. मामांनीच बोलावलंय."

"पितळेचं," ती म्हणाली. लोक 'खिसेकापू' ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात.

संध्याकाळपर्यंत मामाने त्याचं नाव 'पिपाणी' ठेवलं होतं. हा मामा तिचा सख्खा मामा. हे इंजिन त्याने उभी हयात चालवलेलं, आणि माणसं ओळखण्यात तो साफ कच्चा. मागे असाच एक गोड बोलणारा आला आणि डब्यांच्या दारांच्या पितळी मुठी घेऊन पसार झाला. तेव्हापासून किल्ल्या भाचीकडे आल्या होत्या. त्या हातात देताना मामा म्हणाला होता, "आता इथली खिट्टीसुद्धा तुझ्या भरवशावर." तो शब्द तिने मनाशी गाठ मारून ठेवला होता.

तेव्हा पिपाणीवर नजर ठेवणं भागच होतं.

तिने ठेवली. तो पितळेच्या प्रत्येक वस्तूला नखाने टिचकी मारायचा आणि कान लावून ऐकायचा, हे तिने पाहिलं. काम करताना तो बाह्या कोपरापर्यंत दुमडायचा, डावी नेहमी थोडी खाली घसरायची, हेही पाहिलं. चहाचा कप दोन्ही हातांत धरायचा. हसायच्या आधी खाली बघायचा... चोरावर पाळत ठेवायला यातलं किती लागतं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

"सारखं माझ्याकडे बघता तुम्ही," एकदा तो म्हणाला.

"काम आहे माझं."

"बरं काम आहे. मला मिळेल?"

"तुम्हाला कुणाकडे बघायचंय?"

"सांगितलं तर भांडाराचं दार बंद कराल." आणि तो खाली बघून हसला.

ती वळली. कान गरम झाले होते. गोडबोल्या, तिने मनाशी नोंदवलं. अशांच्याच तोंडी साखर असते.

आणि मग शिट्टी गेली.

इंजिनाची जुनी पितळी शिट्टी, चांगली जड, फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेली. धूर लागून काळी पडू नये म्हणून मामा ती अगदी शेवटी, तपासणीच्या सकाळी बसवणार होता. भाची स्वतः शिंपीकाकांना आसनांचं रेक्झिन ताणून धरायला डब्यात गेली होती, तेवढ्यात भांडार उघडं राहिलं. परत येऊन बघते तो फळी रिकामी. खालच्या खिळ्यावर बिल्ला नाही. बिल्ल्याच्या जागी एक बारकीशी किल्ली लटकत होती.

किल्ली दिसली की तिला फक्त कुलूप दिसायचं. जड शिट्टी दोन हातांनी उतरवताना चोराने आपली बनावट किल्ली खिळ्याला अडकवली आणि घाईत विसरला, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. ती भांडाराच्या कुलपाला लावून पाहिली. लागेना. डब्यांच्या दारांना, अवजारांच्या पेटीला, मामाच्या कपाटाला... कशालाच लागेना. म्हणजे चोर आणखी कशावर तरी डोळा ठेवून आहे. बिल्ला नसलेला माणूस शेडमध्ये एकच होता.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. तपासणीचे साहेब येत्या रविवारी यायचे होते. शिट्टी नसेल तर ते गाडी जागची हलू देणार नव्हते. आणि या खेपेला गाडी चालली नाही तर शेड रिकामी करा, असं जागेच्या मालकाने निक्षून सांगितलं होतं. मामाचं इंजिन भंगारात जाणार, ते तिच्या ताब्यातून गेलेल्या एका वस्तूपायी. ओरडा केला तर चोर सावध होईल. त्याला मुद्देमालासकट धरायचं. किल्ली तिने पर्समध्ये टाकली, आणि रोज संध्याकाळी बँकेतून परस्पर शेडवर येऊ लागली.

तोही यायचा. पण आता एक नवीनच गोष्ट. त्याची सायकल शेडच्या भिंतीला टेकून तशीच उभी असायची, कुलूप लावलेली, आणि तो चालत घरी जायचा.

"सायकल इथेच ठेवता हल्ली?" तिने विचारलं.

"हल्ली इथेच," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही का!"

काय हा निर्लज्जपणा! "तुमचं काहीतरी माझ्याकडे राहिलंय," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली.

त्याचा चेहरा पडायला हवा होता. उलट तो खुलला. "राहू दे. तुमच्या हाती आहे म्हणजे सुरक्षित आहे. मी परत केलं की तुम्ही परत करा."

उघडउघड सौदा! चोर तो चोर, वर शिरजोर. आणि तरी तो चिखल चुकवत, किंचित लंगडत फाटकाबाहेर गेला तेव्हा तिला वाटलं, हा चोर नसता तर किती बरं झालं असतं. आपल्याला असं वाटतंय याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

शनिवारी संध्याकाळी ती त्याच्या मागे निघाली. भुरभुर पाऊस होता. तिने छत्री पुढे धरली आणि दोन दिव्यांचं अंतर राखलं. तो पावाच्या दुकानापाशी वळला, ती वळली. तो थांबला, ती एका दुकानाच्या काचेत बघू लागली. नीट पाहिलं तर ते दुकान कवळ्यांचं होतं.

"एवढ्यात गरज पडेल असं वाटत नाही," शेजारून आवाज आला. तो भिजत उभा होता. "मागून कशाला येता? बरोबर चला. छत्री तर एकच आहे."

"मला तुमचं दुकान बघायचंय."

"बघा की. मी आज तुम्हाला बोलावणारच होतो... तयार झालीय."

दुकान खोलीएवढंच होतं. भिंतीभर कर्णे टांगलेले, सोल्डरिंगचा तिखट वास, आणि मध्ये टेबलावर, मऊ कापडावर, लखलखीत शिट्टी.

"चोर," ती म्हणाली. आवाज वाटला होता तितका मोठा निघाला नाही.

"कोण?"

"तुम्ही. बिल्ला न ठेवता नेलीत."

तो गोंधळून बघत राहिला. "बिल्ला मला दिलाय कुणी? वस्तू नेली की आपलं काहीतरी खिळ्यावर ठेवायचं, तुमचाच नियम ना? खिशात सायकलची किल्ली होती, ती ठेवली. शिट्टीला आत बारीक चीर होती. टिचकी मारली की कळत होतं, आवाज फाटका यायचा. वाफेचा जोर आला असता तर उडालीच असती. मामांना सांगितलं असतं तर ते झोपले नसते. म्हटलं, नीट करूनच दाखवू. भांडारवालीला तर माहीतच आहे."

तिने पर्समधून किल्ली काढली. सगळी कुलपं लावून बघून झाली होती. फक्त एक राहिलं होतं, भिंतीला टेकलेलं.

तरी ती म्हणाली, "शेडवर चला. लावून बघितल्याशिवाय मी मानणार नाही."

शिट्टी उराशी धरून तो निमूट निघाला. शेडवर येताच ती सायकलपाशी वाकली. किल्ली फिरली. कुलूप खट्कन उघडलं.

एवढी शरम तिला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "तुम्ही रोज यायचात, सायकलचं विचारलंत... मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंय. घरी जाईपर्यंत मी तेच आठवत चालायचो, पाय दुखतायत तेसुद्धा कळायचं नाही. आणि तुम्ही मला चोर..." त्याने शिट्टी तिच्या हातात दिली. "जड आहे. सांभाळा."

तो सायकलवर बसला आणि मागे न बघता गेला. या वेळी तो खाली बघून हसला नाही.

रविवारी इंजिन पेटलं. बॉयलर हळूहळू तापू लागला, गरम तेलाचा वास सुटला, डब्यांच्या नव्या आसनांवर शिंपीकाका पुन्हा पुन्हा हात फिरवत होते. पिपाणी आला नाही. मामा शिट्टी बसवायला आला तेव्हा तिने सगळ्यांसमोर झालं ते सांगितलं आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्यापुढे ठेवला.

मामाने शिट्टीला टिचकी मारली. कान लावला. मग जुडगा तिच्याकडे ढकलला.

"एकदा मी डोळे मिटून विश्वास ठेवला, मुठी गेल्या," तो म्हणाला. "तू डोळे उघडे ठेवलेस, तर हा पोरगा गेला. मुठी काय, नव्या करता आल्या. हे घे." त्याने खिशातून एक कोरा करकरीत बिल्ला काढला. त्यावर बारीकसा कर्णा ठोकलेला होता. "कधीचा करून ठेवलाय. सगळ्यांच्या माना कधीच डोलल्यात. तुझीच राहिली होती."

साहेबांनी मान डोलावली आणि मामाने साखळी ओढली. शिट्टी वाजली... खणखणीत, भरदार, कुठेही न फाटता. शेवटी तिचा सूर हलकेच वर चढला, आणि मामाने टोपी काढून डोळे पुसले. डब्यांतून टाळ्या पडल्या. तिचं लक्ष मात्र कुंपणाकडे होतं. तिथे सायकल धरून कुणीतरी उभं होतं, मान कलती करून, ऐकत.

ती धावली नाही. पण चाललीही नाही.

"घरून ऐकू येत नव्हतं म्हणून आलो," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मी चोर शोधत होते, म्हणून मला चोर दिसला. आणि खरं सांगू? पाळत ठेवायचं कारण कधीच संपलं होतं. तरी मी बघतच होते. तुमची डावी बाही घसरते. चहाचा कप तुम्ही दोन्ही हातांत धरता. हे चोर पकडायला लागत नाही... मला ठाऊक आहे."

त्याने फक्त डावी बाही वर ओढली.

तिने कर्ण्याचा बिल्ला पुढे केला. "हा तुमचा. सगळ्यांच्या माना डोलल्या."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या." मग तिने आपल्या गळ्यातला बिल्ला काढला, त्याच्या तळव्यावर ठेवला आणि वाकून सायकलला कुलूप लावत किल्ली अलगद काढून घेतली. "आणि हा माझा. तुमची किल्ली मी नेतेय."

"परत कधी मिळणार?"

"बघू. अजून पूर्ण खात्री पटलेली नाही माझी."

तो खाली बघून हसला. अखेर हसला! "किल्ली तुमच्याकडे राहिली तर मी घरी कसा जाणार?"

"चालत," ती म्हणाली. "मीही येतेय."