मूळ मालकाची संमती

पहिल्याच भेटीत मी त्याला चोर म्हटलं, आणि त्या वेळी आम्हा दोघांचाही एकेक पाय अनवाणी होता.

चपला-बूट दुरुस्तीचं दुकान ते. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, त्याच्या उजव्या बुटाचा तळ निघाला होता. एकाच बाकड्यावर शेजारी-शेजारी आम्ही बसलो होतो, उघडी पावलं वर्तमानपत्रावर ठेवून. बाहेर भुरभुर पाऊस. त्याच्या मांडीवर एक लांबट काळी पेटी होती आणि तो शीळ घालत होता... हलकीच, स्वतःवर बेहद्द खूश असल्यासारखी.

मी सहन करायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण तिसऱ्यांदा तेच वळण आलं तेव्हा माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"अहो, ही चाल तुमची नाही."

शीळ थांबली. "माझीच आहे. परवा अंघोळ करताना सुचली."

"मग सर्कशीतला हत्ती तुमच्या जन्माआधीपासून तिच्यावर का नाचतोय?"

"कुठल्या सर्कशीतला?"

"कधीच बंद पडली ती. हत्ती स्टुलावर चढताना बँड हेच वाजवायचा. तुम्ही लय जरा धीमी केलीत आणि शेवटी एक गिरकी घातलीत. मिशी लावली म्हणून चोर ओळखू येत नाही असं थोडंच आहे?"

"तरीच!" बुटाला खिळे ठोकणारे काका म्हणाले. "मघापासून मला हत्ती का दिसतोय कळेना."

त्याचे कान लाल झाले. आधी डावा, मग उजवा. माझ्या लक्षात राहिलं.

"लहानपणी बाबांनी एकदा सर्कशीला नेलं होतं," तो पुटपुटला. "मला फक्त चणेवाला आठवतो."

"माणूस विसरतो. कान विसरत नाही," असं म्हणून मी चप्पल पायात सरकवली आणि झोकात निघाले. चार पावलांवर पुन्हा अंगठा तुटला, ते त्याने पाहिलं की नाही, ठाऊक नाही. नंतर कळलं, पाहिलं होतं.

आता माझ्याविषयी. मी रेडिओ केंद्राच्या रेकॉर्डखोलीत काम करते. नवी म्हणून आलेली प्रत्येक चाल आधी माझ्या टेबलावर येते. ती कुणाची, कुणी कुणावरून घेतली, त्या कुणीने आधी कुणावरून उचलली, हे मी कार्डांच्या खणांतून शोधते आणि पिवळ्या चिठ्ठीवर लिहिते. 'मूळ' हा रकाना मोकळा ठेवायचा नाही. चाल नवी असेल तर 'स्वतःची'. उसनी असेल तर मूळ मालकाचं नाव, आणि तो हयात असून राजी असेल तर त्याची लेखी संमती. मग उसनी चालही चालते. पण अकरा वर्षांत तसा मालक एकही सापडलेला नव्हता. बहुतेक जण वर गेलेले, उरलेले चिडलेले.

केंद्रात मला मागून 'मूळव्याध' म्हणतात. मला माहीत आहे. पहिल्यांदा कोण म्हणालं तेही मी शोधून काढलंय.

चालींचा हा नाद माणसांपर्यंत पोचला त्याला एक कारण घडलं. तीन वर्षांपूर्वी मला एक प्रेमपत्र आलं होतं. चार पानी, डोळ्यांत पाणी आणणारं. पुढे आठवड्याने ते सगळंच्या सगळं मला एका पत्रलेखनाच्या पुस्तकात सापडलं, पान बेचाळीस. पुस्तकात नावाच्या जागी टिंबं होती, पत्रात मी होते. तेव्हापासून कुणी गोड बोललं की माझे कान पान बेचाळीसची सळसळ ऐकतात.

तर, सोमवारी दार उघडलं आणि ती काळी पेटी आत आली. मागोमाग तो.

"तुम्ही?" तो म्हणाला.

"तुम्ही!" मी म्हणाले.

"कोण गं?" पातळ फळीच्या पलीकडून ऑपरेटर काकू म्हणाल्या. केंद्राचे सगळे फोन त्या जोडतात आणि उरलेल्या वेळात माझी खोली ऐकतात.

तो काकूंच्या यजमानांच्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होता. केंद्राला सकाळच्या सुरुवातीसाठी नवी धून हवी होती. ज्याची निवडली जाईल त्याला वाद्यवृंदात कायमची जागा. शेवटची तारीख पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, संध्याकाळी पाच.

त्याने धून वाजवली. मी चिठ्ठीवर शिक्के मारले, तिसरा खण उघडला, कार्ड काढलं, त्याच्यासमोर ठेवलं.

"साबणाची जाहिरात. शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवलीय."

तो कार्डाकडे बघत राहिला आणि मग एकदम हसला. चिडला नाही. चोरी पकडल्यावर हसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. लोक सहसा मामांची ओळख सांगतात.

"उद्या दुसरी आणतो," म्हणाला. दारापर्यंत गेला, वळला, घसा साफ केला. "तुम्ही... म्हणजे, तुम्ही समोर असलात की खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटतं."

"या खोलीला खिडकी नाही."

त्याने चारी भिंती पाहिल्या. कान लाल. डावा, उजवा.

फळीपलीकडे काकूंना ठसका लागला. "अगं, हे तर आमच्या ह्यांचं वाक्य! लग्नाआधी मला म्हणाले होते. फोटोच्या दुकानात!"

मी स्वस्थ बसणाऱ्यांतली नाही. दुपारी काकूंच्या यजमानांना, म्हणजे बँडमास्तरांनाच गाठलं. त्यांनी कबूल केलं, वाक्य थोरल्या भावाचं. थोरल्या भावाला फोन लावला (काकूंनीच जोडला, आणि ठेवला नाही). त्यांनी ते एका नर्सबाईंना लिहिलं होतं, आणि उचललं होतं भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. नर्सबाईंनी काय उत्तर दिलं, असं मी विचारलं. "ताप उतरल्यावर बोलू, म्हणाल्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा कार्ड तयार होतं. त्याने मोठ्याने वाचलं. "खिडकीचं वाक्य. मूळ: कॅलेंडर, महिना मार्च. पुढे थोरले बंधू. पुढे बँडमास्तर. सध्या क्लॅरिनेट." मग खाली मान घालून म्हणाला, "मास्तर म्हणाले, हमखास लागू पडतं."

"पडलं होतं हो!" फळीपलीकडून आवाज आला. "कॅलेंडरचं आहे हे आज कळतंय मला. येऊ देत घरी."

तो येत राहिला. धून आणायचा आणि एक वाक्यही आणायचा. मी दोन्हींची मुळं काढायचे. 'तुमचं हसू जपून ठेवावंसं वाटतं' हे न्हाव्याच्या आरशाखाली लिहिलेलं निघालं. 'असं माणूस शोधून सापडत नाही' हे एका हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीत होतं, फक्त माणसाच्या जागी कुत्रा. बुधवारची धून तर अर्धी अंगाई आणि अर्धी रेल्वे स्टेशनवर घोषणेआधी वाजते ती घंटा.

"बाळाला झोपवून गाडीत बसवल्यासारखी झालीय," मी म्हणाले.

तो त्या दिवशी हसला नाही. पेटीच्या कड्या लावत म्हणाला, "परवा शेवटची तारीख. आमच्या बँडला बोटीवरचं काम मिळालंय, वर्षभराचं. शनिवारी निघते बोट. धून निवडली गेली, तर मी थांबेन."

"आणि नाही निवडली गेली तर?"

"तर वर्षभर समुद्र."

"थांबायचंय का तुम्हाला?" मी अगदी सहज विचारलं. निदान सहज वाटावं अशा बेताने.

"चिठ्ठीवर आहे सगळं."

"चिठ्ठीवर, की चिठ्ठी लिहिणारीवर?" फळी म्हणाली.

"काकू, तुमचा फोन वाजतोय," मी म्हणाले.

"वाजू दे की. मेला रोजच वाजतो."

ती पिवळी चिठ्ठी माझ्या समोर होती. 'मूळ' रकान्यात एकच शब्द लिहायचा, 'स्वतःची'. अंगाई कोण ओळखणार? घंटा कोण आठवणार? अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थबकलं... शाईचा एक ठिपका पडला. मग मी खरं ते लिहिलं. अंगाई. घंटा.

त्याने चिठ्ठी वाचली, ठिपकाही पाहिला.

"बरं केलंत," तो हळूच म्हणाला. "तुम्हीसुद्धा खोटं लिहिलं असतंत, तर मग मी कुणाचं ऐकायचं?"

त्या दिवशी त्याने वाक्य आणलं नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. माणसाला काय वाटेल ते होऊ शकतं.

शुक्रवारी तो दोन वाजता आला, केस ओले, छत्री विसरलेला. त्याने लगेच क्लॅरिनेट जोडलं.

धून सुरू झाली. तीन तुटक सूर—ठप्, ठप्, ठप्. मग नाकातल्या नाकात गुणगुणल्यासारखी एक ओळ, वर चढता-चढता रेंगाळणारी. मध्येच एक करकरीत, जवळजवळ बेसूर सूर. मग सगळं थांबायचं... आता काय, असं वाटेपर्यंत थांबायचं... आणि अगदी शेवटी एकच बुटका, समाधानी सूर.

माझ्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ भीती. कारण चाल ओळखीची होती. फार ओळखीची होती.

पहिला खण काढला. दुसरा. तिसरा. लग्नातल्या चाली, लढाईतल्या चाली, नावाड्यांच्या, खेळण्यांच्या, घड्याळांच्या. तीन वाजले. चार वाजले. एरवी मी सापडावं म्हणून शोधते. त्या दिवशी प्रत्येक कार्ड उलटताना मनात म्हणत होते, नसू दे, नसू दे. सापडलं तर तो बोटीवर. नाही सापडलं तर... पण ओळखीच्या चालीवर 'स्वतःची' कसं लिहू? आणि 'अज्ञात' लिहिलं की धून बाद.

"सापडत नाही," साडेचारला मी खणावर हात टेकून म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "पण ही मी ऐकलीय. रोज ऐकलीय. सांगा ना, कुठून घेतलीत?"

त्याचे कान लाल, या वेळी दोन्ही एकदम.

आणि मग अकरा वर्षांत प्रथमच काकू फळीला वळसा घालून माझ्या खोलीत आल्या, गळ्यात हेडफोन तसाच.

"अगं ए वेडे! गावभर शोधतेयस, ती तुझीच आहे की! अकरा वर्षं पलीकडून मी दुसरं काय ऐकतेय?"

मी त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही आधी शिक्का मारता," तो क्लॅरिनेटशी बोलल्यासारखा बोलू लागला. "तीनदा. मग शोधता-शोधता नाकातून काहीतरी गुणगुणता. मग तो तिसरा खण करकरतो... तेल हवंय त्याला. मग कार्ड सापडतं तेव्हा तुम्ही थांबता. श्वाससुद्धा. आणि मग 'हं' म्हणता." तो थांबला. "माझी चोरी पकडलीत की तुम्ही ते 'हं' म्हणायचात. मी... मला ते ऐकायला यावंसं वाटायचं. खरं तर घरी चाली करताना मी विचार करायचो, ही पकडली गेली तर बरं. खिडकी-बिडकी काही वाटत नाही मला. तो खण उघडला की... बरं वाटतं. नीट सांगता येत नाही."

मी सवयीने शोधायला लागले. पान बेचाळीस? नाही. कॅलेंडर? नाही. आरसा, कुत्रा, थोरले बंधू... नाही. जगात कुठल्याही शहाण्या माणसाने मुलीला करकरणाऱ्या खणाबद्दल असं सांगितलं नसणार. इतकं वेडंवाकडं वाक्य कुणाचंही उसनं असू शकत नव्हतं.

"हे कुणाचं?" तरी मी विचारलं.

"माझं," तो म्हणाला. "म्हणूनच नीट जमलं नाही."

घड्याळात पावणेपाच. मी नाक ओढलं (पाऊस होता, सर्दी होते) आणि पिवळी चिठ्ठी पुढे घेतली. मूळ: तिथे मी माझं नाव लिहिलं. मग त्या खणातून, जो अकरा वर्षांत उघडायची वेळ आली नव्हती, संमतीचा कोरा कागद काढला.

"मूळ मालक हयात आहे का?" तो वाकून वाचू लागला.

"आत्ता आहे. तू असाच ओला उभा राहिलास तर तुझं सांगता येत नाही."

"तू म्हणालीस," तो म्हणाला.

"लिहायचं काम चाललंय, मध्ये बोलू नये."

"मूळ मालक राजी आहे का?" त्याने पुढचा रकाना वाचला. या वेळी आवाज जरा कापला.

मी 'होय' लिहिलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या हाताने माझ्या खोलीचा फोन उचलून तसाच टेबलावर ठेवून दिला. का, ते नंतर कळलं. तिकडे बोर्डावर त्यांनी सगळ्या केंद्राच्या लायनी जोडून ठेवल्या होत्या.

"मुदत?" तो म्हणाला. "वर्षभराची लिही. नाहीतर... दोन?"

"कंजूष," मी म्हणाले, आणि लिहिलं—तहहयात.

त्यानंतर एक 'अटी' नावाचा रकाना होता. तो मी हाताने झाकून भरला.

पाचला दोन मिनिटं कमी असताना आम्ही साहेबांच्या खोलीत होतो. साहेबांनी धून ऐकली. पुन्हा ऐकली. खिडकीबाहेर बघत टेबलावर बोटांनी तीनदा ठप्-ठप् केलं.

"छान आहे. एकदम सकाळ वाटते," ते म्हणाले. "पण मधला तो करकरीत सूर जरा गुळगुळीत करून घ्या."

"तसं करता येणार नाही, साहेब," मी म्हणाले. "मूळ मालकाची हरकत आहे."

साहेबांनी चष्मा लावला, कागद जवळ धरला आणि अट मोठ्याने वाचली.

"तिसऱ्या खणाला कधीही तेल घालू नये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानांकडे पाहिलं. आणि सही केली.

बाहेर आलो तर जिन्यापासून दारापर्यंत सगळं केंद्र उभं. पाऊस थांबला होता. त्याने माझी पिशवी घेतली, क्लॅरिनेटची पेटी दुसऱ्या हातात, आणि चालता-चालता इतक्या हळू म्हणाला की त्या एका वाक्यापुरतं काकूंना ऐकू गेलं नाही.

काय म्हणाला ते सांगणार नाही. मी मात्र पायरीवर थांबले. श्वाससुद्धा थांबला. कुठलंच कार्ड आठवलं नाही.

"हं," मी म्हणाले.