खड्ड्यावर न घेतलेली गाडी

जुनी गाडी घ्यायचं चाललंय म्हणे तुमचं. घ्या, मी कोण अडवणारा? पण संध्याकाळपासून फोनवरचे फोटो दाखवत माझ्या खनपटीला बसलायत, हिची मागची तपासणी कशी झालीय ते बघून सांगा म्हणून. मी आता कुणाच्या गाडीचा इतिहास बघत नाही. का बघत नाही ते सांगतो, पण मधे बोलायचं नाही.

आमच्या वाहन तपासणी केंद्रात एक तपासनीस होते. गाडीची परीक्षाच घ्यायचे आणि निम्म्या नापास करायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मी तिथे रेकॉर्ड सांभाळायचो. मास्तरांनी एकदा सख्ख्या साडूची गाडी नापास केली. साडू दोन वर्षं बोलले नाहीत. मास्तर म्हणायचे, चला, ब्रेकही दुरुस्त झाले आणि कटकटही गेली.

त्यांची एक पद्धत होती. गाडी जमिनीत खणलेल्या तपासणीच्या खड्ड्यावर घ्यायची, मास्तर खाली उतरायचे आणि वर एक माणूस ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून बसायचा. खालून मास्तर म्हणायचे, "दाब." वरून उत्तर यायचं, "दाबला." "सोड." "सोडला." चारही चाकं अशी बघितल्याशिवाय सही करायची नाही आणि खोट दाखवता आली नाही तर नापासही करायचं नाही.

मास्तरांना एकच मुलगी. आई लवकर गेली, बापानंच वाढवलं. पोर आमच्या केंद्राच्या आवारातच मोठी झाली, मला काका म्हणायची. नोकरी लागली तशी तिनं एक जुनी स्पोर्ट्स कार हेरली. गडद हिरवी, दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसायला योगासन करावं लागे आणि बाहेर यायला दुसऱ्याचा हात. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, बाबा न बघताच नापास करतील. तुम्ही आधी इतिहास काढा, मग मी त्यांना सांगते."

मी काढला. सतरा वर्षांत पाच मालक, कुणीच वर्षभर ठेवलेली नाही, मधली वर्षं ती विक्रीलाच पडून. तपासण्या मात्र सगळ्या पास. पहिली तपासणी आमच्याच केंद्रातली होती आणि खाली सही मास्तरांची होती.

मी त्यांना रेकॉर्डच्या खोलीत बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, तारीख वाचली आणि खुर्चीत बसले. दोघांनाही तो दिवस आठवत होता. शाळेतून फोन आला होता, तुमची मुलगी फाटकाशी एकटी उभी आहे, सगळी मुलं गेली. रांगेत एकच गाडी उरली होती. मालक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, हसतमुख. "साहेब, अजून नवीच आहे हो," म्हणाला. मास्तरांनी खुर्चीतूनच सही केली आणि चप्पल घालून पळाले. आयुष्यात एकदाच. त्यानंतर एकोणिसाव्या रात्री तो पोरगा उताराच्या वळणावरून खाली गेला. पोरं वेगात चालवतात, असं सगळे म्हणाले. तपासणीचा कागद कुणी मागितला नाही. मास्तर मूग गिळून बसले आणि फाइल माझ्या ताब्यात होती, म्हणजे मीसुद्धा बसलो.

आम्ही तसेच बसलेलो असताना तिचा फोन आला. "काका, कसे आहेत कागद?" मास्तरांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. सांग असं नव्हे, सांगू नकोस असं. मी म्हणालो, "ठीक आहेत." फोन ठेवल्यावर मास्तर म्हणाले, "मी जातो तिच्याबरोबर. कुठली ना कुठली खोट काढतो, की विषय संपला. सहीचं कशाला उकरायचं?"

ते गेले. गुरुवार होता, सात नोव्हेंबर, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. बाहेर मिट्ट काळोख. विकणाऱ्याची शेड गावाबाहेर, आत एक ट्यूबलाइट आणि खाली खड्डा. विकणारा कागद आणायला पलीकडच्या ऑफिसात गेला. पोरगी आत बसली, मास्तर खाली उतरले. पुढचं त्यांनी मला नंतर इस्पितळात सांगितलं.

"दाब."

"दाबला, बाबा."

पुढचं चाक चोख. दुसरंही चोख. खोट सापडेना, तसा मास्तरांचा जीव खालीवर व्हायला लागला. वर तिचा फोन वाजला, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते मागच्या चाकाकडे सरकले.

"दाब."

"दाबला."

आवाज पुरुषाचा. मास्तरांना वाटलं, विकणारा बसला असेल.

"सोड."

"सोडला."

"परत दाब."

काहीच नाही...

मग वरून, अगदी शांतपणे...

"आज उतरलात होय खाली."

मास्तर वर कसे आले, त्यांनाच ठाऊक नाही. गाडीचं दार उघडं. सीट रिकामी. विकणारा अजून ऑफिसातच. पोरगी तीस पावलांवर, फाटकाशी, पाठमोरी, फोनवर बोलत होती. आत ब्रेकचं पेडल तळापर्यंत दाबलेलं. त्यांच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू वर आलं.

ती परत आली. "काय बाबा, पास?"

"नको घेऊस."

"खोट दाखवा."

"नको म्हणतोय ना मी."

"बाबा, खोट दाखवता आली नाही तर नापास करायचं नाही. तुमचाच नियम आहे."

मास्तरांनी तोंड उघडलं. एकच वाक्य म्हणायचं होतं, या गाडीवर मी न बघता सही केली आणि एक पोरगा मेला. पण म्हणायचं ते लेकीसमोर, जिला आपला बाप म्हणजे देव वाटत होता. ते चष्मा काढून पुसत राहिले. तिनं क्षणभर वाट बघितली, हसली आणि आत कागदांवर सही करायला गेली.

त्या दिवसापासून मास्तर दिवस मोजायला लागले. मलाही रोज सांगायचे, आज सहावा, आज अकरावा. मी म्हणायचो, सांगून टाका तिला. ते म्हणायचे, उद्या. मला स्वतःला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते. एकोणिसावा दिवस मंगळवार होता, सव्वीस नोव्हेंबर. मास्तरांनी सकाळीच किल्ली लपवली. तिच्याकडे दुसरी होती. रात्री आठला ती मैत्रिणीकडे निघाली, तसे हे न विचारताच शेजारी जाऊन बसले. "बाबा, चक्कर मारायची होती तर सांगायचं ना," म्हणाली. खुशीत होती.

उतार लागला. मास्तर म्हणाले, "ऐक. तुला काही सांगायचंय."

"बोला ना."

"या गाडीवर... माझी सही आहे."

"कसली सही?"

"सतरा वर्षांपूर्वी... मी न बघता..."

तिचा पाय खाली गेला. परत गेला. परत.

"बाबा..."

वळण समोर होतं.

"बाबा, लागत नाही."

मास्तरांनी हँडब्रेक ओढला. तोही लागला नाही...

...

मास्तर वाचले. नुसता पाय मोडला. पोरगी जागच्या जागी गेली. मास्तर एवढंच म्हणायचे, "अर्ध्या वाक्यात सोडून गेली. पुरतं ऐकून माझ्यावर चिडली असती, तर तेवढं तरी मिळालं असतं मला." गाडीची तपासणी झाली. ब्रेक उत्तम, कुठेही गळती नाही. दोन वर्षांत मास्तरही गेले.

आता शेवटचं. असल्या गाड्या कुणी मोडीत काढत नाही. कुणीतरी ठोकून, रंगवून ती पुन्हा रस्त्यावर आणली, लांबच्या एका शहरात. मी निवृत्त व्हायच्या आठवड्यात तिथल्या तपासणीची प्रत आमच्याकडे आली, कारण पहिलं केंद्र आमचं. पास होती. पण खाली शेऱ्याची एक जागा असते. तिथे कुणी कधी काही लिहीत नाही, तीस वर्षांत मी ती भरलेली बघितली नव्हती. तिथल्या तपासनिसाला आम्ही कोण, हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं...

"तपासणीच्या वेळी गाडीत बसलेली मुलगी सांगूनही खाली उतरली नाही. तपासायची गरज नाही म्हणाली, काकांनी इतिहास बघितलाय."